काठी कोणाची?

आपण चोर आहोत ही बातमी ताईच्या भावाला काठीनेच वाचून दाखवली, आणि तीही अगदी स्वच्छ, विरामचिन्हांसकट.

भाऊ वाचनालयात अंध वाचकांच्या विभागाचा प्रमुख होता. विभाग म्हणजे दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर आणि एक कायम गळणारा वॉटर कूलर. स्वतः तो नवव्या वर्षापासून अंध. घरात त्याला रेडिओ म्हणत, कारण तो उठल्यापासून झोपेपर्यंत बंद होत नसे आणि स्टेशन बदलायची सोय कुणाकडेच नव्हती. सकाळी साडेदहाला त्याने बहिणीच्या ऑफिसात फोन लावला.

"तायडे, बसलीयेस का?"

"ऑफिसात माणसं बसलेलीच असतात. बोल."

"तुझ्या कंपनीचं पत्र आलंय, वाचनालयाच्या नावाने. मी चोर आहे म्हणे."

"काय?"

"तसं तोंडावर नाही म्हटलं, सभ्य लोक आहेत. 'आमच्या मालकीच्या काठी या सॉफ्टवेअरचा आपण विनापरवाना वापर करीत आहात. पंधरा दिवसांत तो बंद करून तसे लेखी कळवावे.' दोन रकान्यांचं पत्र आहे. डावीकडे दमदाटी, उजवीकडे कलमं. पण काय सुरेख वाचलं गं काठीने! एक कलम मधे घुसू दिलं नाही. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, वा तायडे, काय वस्तू केलीयेस!"

ताईने फोन ठेवला तेव्हा तिची कानशिलं तापली होती. काठी तिची होती. म्हणजे तिची एकटीची नव्हती, पण कंपनीची तर अजिबात नव्हती.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाला कुठल्याशा कचेरीतून एक फॉर्म आला होता. त्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम होता, पण त्या प्रोग्रॅमला रकाने ठाऊक नव्हते. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ वाचत सुटे. त्याने वाचलं: अर्जदाराचे नाव मयताचे नाव जन्मतारीख मृत्यूचे कारण. भाऊ म्हणाला, "तायडे, मी जन्मलो त्याच दिवशी कशाने मेलो, ते विचारतायत. काय लिहू?"

ती तीन दिवस हसली आणि चौथ्या दिवशी कामाला लागली. फॉर्म, तक्ते, रकाने, कंस, तळटीपा, सगळं माणूस वाचेल त्या क्रमाने वाचायला लावणारा एक प्रोग्रॅम तिने लिहिला. नाव भावाने ठेवलं: काठी. ती त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवून दिली, तशी माणसं येत गेली. एक निवृत्त पोस्टमास्तर आले, ज्यांना पोस्टाचे यच्चयावत फॉर्म तोंडपाठ होते. एक टेलिफोन ऑपरेटर बाई आल्या. आकडे कसे उच्चारले की चुकीचा नंबर लागत नाही, याचे नियम त्यांनी लिहून दिले. एक बोटीवरचा इंजिनियर होता. त्याने जगभरच्या बंदरांतून, मिळेल तसं इंटरनेट पकडून, तक्ते वाचण्याचं निम्मं काम केलं. ताई त्याला कधी भेटली नाही. गेल्या साली तो वारला, हेही तिला त्याच्या मुलीच्या पत्रातून कळलं. अशी हळूहळू, ताई धरून, एकेचाळीस माणसं जमली. कुणी कुणाला दमडी मागितली नाही. नावं तेवढी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेली होती आणि नावांच्या खाली बारा ओळींचं लायसन्स.

ते लायसन्स ताईने वकिली भाषेत लिहिलं नव्हतं. त्याचा सारांश असा होता: ही वस्तू कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. मात्र बदलून पुढे द्याल, किंवा आपल्या वस्तूत मिसळून द्याल, तर ती सगळीच याच अटींवर सर्वांना खुली करावी लागेल. आणि घडवणाऱ्यांची नावं पुसू नयेत.

सहा वर्षांपूर्वी ती या कंपनीत लागली तेव्हा कंपनी दवाखाने, बँका आणि सरकारी कचेऱ्यांसाठी ऑनलाइन फॉर्मांचं प्रॉडक्ट बनवत होती. फॉर्म बोलके हवेत, अशी मागणी आली. काठी घेता येईल का, असं मालकांनी विचारलं. "खुशाल घ्या," ती म्हणाली होती, "फक्त तिला आपल्या पोटात घालू नका. शेजारी ठेवा, हवं तेव्हा हाक मारा, आणि तिच्या डोक्यावरची नावं तशीच राहू द्या." मालक हो म्हणाले. ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत; त्यात ऐकण्याचा भाग असेच असं नाही.

ताई उठली आणि मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये शिरली. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेलेही आणि तीन वर्षांनी मोठे असलेले मालकही. मालकांच्या समोर कंपनीचे वकील बसले होते आणि दोघांच्या मधे कागदांचा एक गठ्ठा होता.

"या, या ताई. तुमचीच आठवण काढली होती."

"माझ्या भावाच्या वाचनालयाला चोरीची नोटीस गेलीय."

"चोरीची नाही हो," वकील म्हणाले. "विनापरवाना वापराची. एकशे बारा ठिकाणी पाठवलीय. वाचनालयं, अंधशाळा, दोन-तीन दवाखाने. त्यात तुमचे बंधू निघावेत हा योगायोग."

"काठी आपल्या मालकीची कधी झाली?"

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. ते भले माणूस आहेत असं पुष्कळ लोक म्हणत, आणि त्यांची भलाई खरीही होती. फक्त जे जे नजरेच्या टप्प्यात येईल ते आपलंच, ही त्यांची भावना इतकी सहज होती की दुसऱ्याचं पेनसुद्धा ते चोरल्यासारखं नव्हे, सापडल्यासारखं खिशात घालत.

"ताई, खूष होण्यासारखी बातमी आहे. आपल्याला मोठी कंपनी विकत घेतेय. त्यांना एवढंच हवंय, की प्रॉडक्टमधला सगळा कोड आपला आहे. सगळा. कुणा तिऱ्हाइताचं त्यात काही नको. एक काठीच काय ती मधे येत होती. तर म्हटलं, आपल्याच ताईंची आहे, घरचंच काम. तुम्ही एक सही करायची."

वकिलांनी कागद सरकवला. 'मी खाली सही करणार लिहून देते की, काठी हे सॉफ्टवेअर मी कंपनीच्या सेवेत असताना, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या साधनांनी निर्माण केले असून...'

"काठी चौदा वर्षांची आहे," ताई म्हणाली. "कंपनी नऊ वर्षांची आहे. कंपनीच्या जन्माच्या पाच वर्षं आधी मी कंपनीच्या वेळेत काम कसं केलं?"

"तारखांचं आम्ही बघतो," वकील म्हणाले.

"मी नोकरीला लागताना एक पान भरून दिलं होतं. आधीपासून माझं काय काय आहे, त्याचं. त्यात काठी लिहिलीय: माझी आणि इतर चाळीस जणांची."

"ते पान फाइलला नाही."

"माझ्याकडे प्रत आहे."

"त्या प्रतीवर आपला शिक्का आहे का?"

"तुम्ही शिक्का मारून तुमच्याकडे ठेवलं ना ते!"

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडे ते नाही." वकिलांनी हे अशा समाधानाने सांगितलं की जणू हरवणं हेही कार्यालयीन काम असून ते वेळेत पार पडलं होतं.

"आणि ते चाळीस जण?"

"त्यांच्याही सह्या घेऊन टाकू," मालक म्हणाले. "फोन नंबर द्या. एखादं प्रशस्तिपत्रक देऊ, छान फ्रेम करून."

"त्यातला एक वारलाय."

मालकांनी चेहरा क्षणभर पडू दिला. "अरेरे. म्हणजे त्यांचा प्रश्न नाही."

ताईला वाटलं, समोरचा पेपरवेट उचलावा आणि काय होतं ते बघावं. तिने हात मांडीखाली घातले. वकिलांनी गठ्ठ्यावर थाप मारली.

"मॅडम, हे परिशिष्ट तीन. मालकी सिद्ध करण्यासाठी मी स्वतः डोकं लढवून केलंय. प्रॉडक्टमधल्या निवडक तीनशे फायलींची पहिली पानं. बघा, प्रत्येक पानाच्या डोक्यावर आपल्या कंपनीचं नाव. तुमच्या काठीच्यासुद्धा."

तिने गठ्ठ्याच्या शेवटची पानं उलटली. पोस्टमास्तर नव्हते. ऑपरेटर बाई नव्हत्या. बोटीवरचा इंजिनियर दुसऱ्यांदा गेला होता. एकेचाळीस नावांच्या जागी एकच नाव होतं, आणि ते कंपनीचं.

"गुरुवारी अकरा वाजता त्यांच्या वकीलबाई येतायत," मालक मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही सही करा, वाचनालयाची नोटीस मी आजच्या आज मागे घेतो. एवढंच नाही, तुमच्या भावाला खास बाब म्हणून एक वर्ष काठी मोफत! आपल्या माणसासाठी एवढं नाही करायचं तर काय?"

"माझी काठी माझ्या भावाला तुम्ही एक वर्ष मोफत देणार?"

"आभार नंतर माना," मालक म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

केबिनमधून ती तडक इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी गेली. इस्त्रीवाला हे त्याचं टोपणनाव. माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी सगळ्या फायली सारख्या करणं, समास जुळवणं, फाटे काढून टाकणं हे त्याचं काम. त्याच्या हातून गेलेल्या कोडवर सुरकुती म्हणून राहत नसे. स्वभावाने गरीब, बायको दोन शिफ्टमध्ये नर्स, त्यामुळे स्वतःच्या शर्टला मात्र इस्त्री कधी नसायची.

"नावं तू काढलीस?"

त्याचा चेहरा उतरला. "आठ महिने झाले, ताई. सर म्हणाले, सगळ्या फायलींची डोकी एकसारखी दिसली पाहिजेत, वर कंपनीचं नाव पाहिजे. चार हजार फायली होत्या. छोटा प्रोग्रॅम लिहिला, अकरा मिनिटांत झाल्या. कुणावर काहीच नव्हतं, कुणावर जुन्या लोकांचे जोक होते... तुमच्या काठीचं डोकं इतकं देखणं होतं ना, म्हणून मी—"

"पुरे," ताई म्हणाली. "देखणं होतं म्हणून कापलंस होय रे?"

तो पुढे काही बोलणार होता. तिने ऐकून घेतलं नाही. संताप चढला की ती ऐकत नसे, आणि आज तो मस्तकाच्याही वर जाऊन लिफ्टने छतावर पोचला होता.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. त्याचं घर तिच्याच इमारतीत, दोन मजले खाली. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी, चहाचा कप बशीत फिरवत, हेही सांगितलं की एकशे बारा जागांपैकी निदान एक जागा तरी वाचत असेल तर—

"थांब," रेडिओ म्हणाला. इतक्या लहान वाक्यावर तो सहसा थांबत नसे. "माझ्यासाठी सही करणार तू? म्हणजे मी वर्षभर मजेत फॉर्म वाचायचे, आणि त्या अंधशाळेतल्या पोरींनी वाचायचं, मयताचे नाव जन्मतारीख? आणि त्या पोस्टमास्तरांना काय सांगणार? काका, तुमचं काम मी माझ्या भावाच्या एका वर्षावर देऊन टाकलं?"

"मी करणार असं म्हटलं नाही."

"कप फिरवतेयस ना, आवाज येतो मला. बरं, कागद मेलवरही आलेत ना? मला पाठव. नाही म्हणायचं असलं तरी वाचून नाही म्हणावं."

"मुख्य कागद वाच. परिशिष्टात काही नाही. नुसती फायलींची डोकी आहेत, सगळी सारखी."

त्याने ऐकलं नाही. त्याचा कॉम्प्युटर भयंकर वेगाने वाचत असे. इतरांना ते शिवणाचं मशीन चालल्यासारखं वाटे. मशीन चालू झालं. ताई गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे बदलत होतं. ती मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती आणि त्यातली विशेषणं खोडत होती.

"तायडे," आतून हाक आली. "पाचव्या पानावर कुठली फाइल आहे?"

"लॉगिनची असेल."

"काठीची नाही?"

"नाही रे. काठीची शेवटची एकोणीस पानं. बाकी सगळा कंपनीचा स्वतःचा कोड."

"आणि चाळिसावं? आणि दोनशे सहावं?"

"तीही कंपनीचीच. का?"

"मग त्यांच्या तोंडी तुझे शब्द काय करतायत?"

त्याने वेग माणसाच्या बोलण्याइतका केला. मशीन शांतपणे म्हणालं: "ही वस्तू कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी..." बाराच्या बारा ओळी. खाली, लायसन्स देणाऱ्याच्या जागी, कंपनीचं नाव. त्याने पुढचं पान लावलं. तेच. त्याच्या पुढचं. तेच.

ताई आत येऊन टेबलाच्या कडेवर बसली. सकाळपासून तिने ती पानं तीनदा पाहिली होती. पाहिली होती, वाचली नव्हती. कोड लिहिणाऱ्यांच्या स्क्रीनवर फाइलच्या डोक्यावरचा मजकूर फिकट राखाडी दिसतो, आणि वीस-बावीस वर्षांत नजरेला त्या राखाडीवरून घसरत खाली यायची सवयच लागून जाते. इस्त्रीवाल्याने डोकी एकसारखी करायला नमुना म्हणून सगळ्यात देखणं डोकं निवडलं होतं: काठीचं. त्यातली एकेचाळीस नावं काढून कंपनीचं नाव घातलं आणि तो शिक्का चार हजार फायलींवर उठवला. आठ महिने कंपनी आपला सगळा माल, स्वतःच्या नावाने, 'कोणीही घ्यावा' असं लिहून गिऱ्हाइकांना पाठवत होती. मालकांनी पाहिलं नाही, ताईने पाहिलं नाही, आणि वकिलांनी तर त्याची मालकीचा पुरावा म्हणून चळत रचली.

"तुम्हा डोळसांचं हे असं," भाऊ म्हणाला. "माझ्या मशीनला राखाडी कळत नाही. सगळं वाचतं बिचारं."

ताई हसली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कंपनीची फजिती झाली म्हणून एकेचाळीस नावं परत येत नव्हती. फजितीवर कंपन्या जगतात.

गुरुवारी अकराला मोठ्या कंपनीच्या वकीलबाई आल्या. साठीच्या, बारीक, अर्ध्या काचांचा चष्मा. त्यांनी बिस्किटांची बशी बाजूला सारली, तेवढ्यावरून ताईला त्या आवडल्या. टेबलाच्या एका बाजूला मालक, वकील आणि फायली सांभाळायला इस्त्रीवाला. दुसऱ्या बाजूला बाई. आणि टोकाला ताई, जिथे सही करणाऱ्याला बसवतात.

"काठी आपण लिहिलीत?" बाईंनी विचारलं.

"मी सुरुवात केली. मग चाळीस जणांनी लिहिली. त्यामुळे मी सही करणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर मला द्यायची नाही. आणि बाकीच्यांचं म्हणाल, तर ते द्यायला माझं नाही."

"मॅडम जरा भावनेच्या भरात आहेत," कंपनीचे वकील म्हणाले. "मालकीचा पुरावा परिशिष्ट तीनमध्ये आहे."

"वकीलसाहेब," ताई म्हणाली, "त्यातलं पाचवं पान वाचता? मोठ्याने."

"सगळं वाचायची गरज—"

"वाचा की," वकीलबाई म्हणाल्या. "पुरावाच आहे ना?"

वकिलांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ त्यांनी न्यायालयात वाचतात तशी वाचली. दुसरी जरा जपून वाचली. तिसऱ्या ओळीत 'मिसळून द्याल तर ती सगळीच' इथे त्यांचा आवाज पायऱ्या उतरायला लागला आणि बाराव्या ओळीपर्यंत तळघरात पोचला.

वकीलबाईंनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. सहावं पान, सातवं, चाळिसावं, मग मधूनच कुठलंतरी.

"हे असं किती गिऱ्हाइकांकडे गेलंय?"

मालकांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. इस्त्रीवाल्याने टेबलाकडे पाहिलं. "सगळ्यांकडे," तो म्हणाला. "आठ महिने. चारही हजार फायली."

"म्हणजे तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तुमचं लेखी आहे, की हे सगळं प्रॉडक्ट कोणीही घ्यावं आणि कोणालाही द्यावं. आणि तेच तुम्ही आम्हाला विकताय."

"ती टायपिंगची चूक आहे!" मालक म्हणाले.

"चार हजार वेळा?"

"अहो, हे शब्द आमचे नाहीतच! दुसऱ्याचे शब्द उचलून आमच्या नावावर घातलेत. परवानगी न घेता! कुणाचं काम कुणाच्या नावावर, हे म्हणजे सरळ सरळ—"

तिथे मालक थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. वाक्याला पुढे एकच शब्द शिल्लक होता आणि तो घ्यायला कुणी तयार नव्हतं.

"बोला ना," ताई म्हणाली. इतका वेळ मांडीखाली दाबलेले हात आता टेबलावर होते. "नोटिशीत तो शब्द तुम्ही एकशे बारा जणांना पाठवलात, सभ्य भाषेत. ज्यांना दिसत नाही अशांना. त्यांनी काय चोरलं? जी वस्तू त्यांच्यासाठी केली, ती वापरली. एक माणूस बोटीवर पाळी संपली की झोपायच्या वेळात तक्ते लिहीत होता. तुमचा तक्ता आज दवाखान्यात बोलतो, तो त्याच्यामुळे. मोबदला म्हणून त्याने काय मागितलं होतं? फाइलच्या डोक्यावर, फिकट राखाडी अक्षरांत, जे कुणी वाचत नाही अशा जागी, एक नाव. तेवढंही तुम्हाला सोसलं नाही! आणि वर मला सांगता, वारला म्हणजे त्याचा प्रश्न नाही."

इस्त्रीवाल्याचे कान लाल झाले होते.

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "या बारा ओळी तुम्हाला किती बांधतात, यावर पाच-सात वर्षं भांडता येईल," त्या मालकांना म्हणाल्या. "माझ्या लोकांना भांडणं विकत घ्यायची नाहीत. आधी नोटिसा मागे घ्या. काठीवरची नावं होती तशी लावा. प्रत्येक गिऱ्हाइकाला दुरुस्त प्रत आणि खुलासा जाऊ द्या. काठी ज्यांची आहे त्यांचीच राहील, असं लिहून आणा. मग बघू, बोलण्यासारखं काही उरतं का."

पुढच्या आठवड्यात एकशे बारा जागी दुसरं पत्र गेलं. 'गैरसमजातून' हा शब्द त्यात चार वेळा होता. 'माफ करा' हे दोन शब्द एकदाही नव्हते. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात मालकांचा फोटो आला: 'अंध बांधवांसाठी काठी खुली; उद्योजकाचा दिलदारपणा.' ताईने ती बातमी भावाला वाचून दाखवली.

"फोटोत कसे दिसतात?" त्याने विचारलं.

"हसरे."

"मग मला दिसत नाही तेच बरं." मग तो गंभीर झाला. "तायडे, दिलदारपणा त्यांच्याकडे राहू दे. नावं आली ना?"

नावं येत होती. ती ताई स्वतः लावत होती, प्रोग्रॅमने नव्हे, हाताने, एकेका फाइलमध्ये. कुणी कुठल्या फाइलमध्ये काय केलं होतं ते पुन्हा बघत. हे करताना एका दुपारी मालक तिच्या टेबलाशी आले. हात मागे बांधलेले, आवाज मऊ.

"ताई, एक सुचवू? एवढी एकेचाळीस नावं आहेतच. शेवटी एक माझं बसेल का? एवढी वर्षं काठीला आसरा आपणच दिला, नाही का?"

"ज्याने काम केलं त्याचं नाव लागतं. उघडा नियम आहे. कामांची यादी सर्वांसाठी ठेवलीय. त्यातलं एक काम करा, नाव लागेल. तुम्हीही कोड लिहायचात ना, पूर्वी?"

"त्यातलं सोपं कुठलं?"

"कंसाच्या आत दुसरा कंस आला की काठी अडखळते. ते करा."

मालकांनी मान डोलावली आणि गेले. ताईला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. माणूस चाळीस ओळी लिहील, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल, आणि मग त्याला कळेल, नाव कशाचं असतं ते.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, मालकांच्या नावाने. ताईने ती पहिल्या ओळीपासून वाचली. आता ती राखाडीही वाचत असे. काम चोख होतं. कंसाच्या आत तीन कंस घातले तरी काठी ठेचकाळत नव्हती. समास केसाएवढेही इकडेतिकडे नव्हते, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक ओळंबा लावल्यासारखी उभी होती. असं लिहिणारा त्या मजल्यावर एकच माणूस होता.

तिने त्याला बोलावून घेतलं. "तुझं आहे?"

इस्त्रीवाल्याने केबिनच्या काचेकडे पाहिलं. "सर म्हणाले, करून टाक, नाव माझं घाल."

"आणि तू घातलंस."

"नोकरी आहे, ताई."

"दोन रात्री गेल्या असतील."

"एक. दुसऱ्या रात्री बायकोला सुट्टी होती." तो ओशाळं हसला. "पण मजा आली हो. किती दिवसांनी काहीतरी नवीन लिहिलं, नाहीतर नुसतं दुसऱ्याचं सरळ करायचं."

ताईने मालकांचं नाव निवडलं आणि खोडलं. त्या जागी त्याचं लिहिलं. तो मागे उभा राहून बघत होता, नको म्हणत नव्हता. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "पूर्ण घाला. वडिलांच्या नावासकट."

तिने पूर्ण घातलं आणि मालकांना एका ओळीचं उत्तर पाठवलं: दुरुस्ती मिळाली, उत्तम आहे, करणाऱ्याच्या नावावर घेतली आहे.

मिनिटभरात केबिनचं दार उघडलं.

"ताई, जरा आत येता का?"

इस्त्रीवाला एक पाऊल मागे सरला. मग तिथेच थांबला.

"येते," ताई उठत म्हणाली, "पण दार लावू नका. आज सगळ्यांना ऐकू जाऊ दे."